ईशूची दाढ आणि आत्याबाईंची मिसरी

"हिचे दात कोण घासतं?"

दाताच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी मला विचारलेला प्रश्न एवढाच. माझी ईशू तेव्हा चार वर्षांची होती. उजवा गाल टम्म फुगलेला, डोळा अर्धा मिटलेला. आणि तिच्याशेजारी मी, तिची आई. बारावी पास, गावातल्या अंगणवाडीची सेविका, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं आणि उंच्या लिहिणारी. मी म्हटलं, "तिचं तीच घासते की. हुशार आहे खूप."

मॅडमनी नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले. ज्यांच्या कडेवर आत्ता दूध पिणारं लेकरू आहे त्या आयांनी हे वाचावं. बापांनी तर वाचावंच, कारण त्यांना वाटतं दात हे खातं बायकोकडं असतं.

आणखी एक कारण आहे. आत्याबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात, नात्यातली असो वा नसो. त्यांच्या नावावर मी एक खोटं दोन वर्षं राहू दिलं. त्याबद्दल पुढं सांगते. जीभ अडखळते आहे, पण सांगते.

झोळी आणि बाटली

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. ईशू आठ महिन्यांची झाली तशी मी तिला घेऊन अंगणवाडीत जायला लागले. खोली एक, पोरं पंचवीस-तीस. मदतनीस बाई खिचडी शिजवणार, मी गाणी म्हणणार, रजिस्टर लिहिणार, मोबाईलवर माहिती भरणार. आणि ऐन कामात आमच्या बाईसाहेब भोकाड पसरणार.

मी युक्ती काढली. खिडकीच्या गजाला साडीची झोळी बांधली आणि ईशूला साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली. बाटली तोंडात गेली की लेकरू गप. चोखत चोखत झोपायची. झोपली तरी बाटलीचं रबरी बोंड तोंडातच असायचं, आणि मी ते काढायची नाही, कारण काढलं की जागी व्हायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "ताई, तुमचं लेकरू लई शांत हो!" मी फुगून बसायची. दोन वर्षं हे असंच चाललं.

"बिनसाखरेचं दूध लेकरू पीत नाही," असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे आम्ही कधी देऊनच बघितलं नव्हतं.

ईशू दीड वर्षाची असताना वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीजवळ, पांढरट रेघ दिसली. दुधाचा थर असेल म्हणून पदरानं पुसली. गेली नाही. पुढं ती पिवळी झाली, मग तपकिरी. तीन वर्षांची होईस्तोवर पुढचे चार दात काळे पडून झिजले होते, आणि मागच्या दाढांना खड्डे.

आत्याबाईंनी पहिल्यांदा टोकलं. "सुनंदा, लेकराचे दात किडून राहिले बरं. येकदा हिंगोलीला दाखवून आण."

"आत्याबाई, दुधाचे दात आहेत. पडायचेच आहेत की."

हे वाक्य मी घरातच बोलले असते तर एक वेळ ठीक. पण मी ते अंगणवाडीत येणाऱ्या आयांनाही ठासून सांगायची. ताई म्हणतात म्हणजे बराबरच असणार, असं म्हणून कितीतरी जणी निवांत घरी गेल्या असतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढं शाळा-अंगणवाड्या तपासणारी डॉक्टरांची गाडी आली. त्यांनी ईशूचं तोंड उघडून बघितलं आणि हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. मी ती रजिस्टरमध्ये नीट घडी घालून ठेवली. पेरणी झाली की जाऊ म्हटलं. पेरणी झाली, सोयाबीन निघालं, तूर निघाली. चिठ्ठी तिथंच.

सात किडे

ईशूचे पप्पा हळद शिजवायच्या कुकरवर काम करतात. ट्रॅक्टरमागं मोठ्या लोखंडी टाक्या असतात, त्यांत वाफेवर हळद शिजवायची, आज ह्या शेतात तर उद्या त्या शेतात. हंगामाचे दोन महिने माणूस घरी असून नसल्यासारखा. ईशूची दाढ दुखायला लागली ती नेमकी त्याच दिवसांत.

लेकरू एका बाजूनं चावायचं. मग चावायचंच सोडलं. दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी गिळायची. गालावर हात ठेवून बसायची, म्हाताऱ्या माणसासारखी.

शेजारच्या गावात दातातला किडा काढणारी बाई होती. निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायच्या, त्यांचा धूर नळीनं दाताला द्यायचा आणि तोंडाखाली पाण्याची ताटली धरायची. धूर झाला की पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगताना दिसतात. ज्याला त्याला माहीत असलेली गोष्ट.

आत्याबाई म्हणाल्या, "नगं नेऊ. ते समदं थोतांड हाय. तिच्या सासूनं माह्या तोंडातले बी किडे काढले व्हते. मंग माहे दात काहून पडले?"

मला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. मी एका दुपारी अंगणवाडी सुटल्यावर त्यांना न सांगता ईशूला घेऊन जीपमध्ये बसले आणि तिथं गेले. ईशू धुरानं ठसकत होती, "मम्मी, डोळे, मम्मी, डोळे" म्हणत होती. मी तिचं डोकं घट्ट धरलं होतं. ताटलीत किडे पडले. मी मोजले. सात.

आणि दुखणं थांबलं हो! दोन दिवसांत ईशू भाकरीचा पापुद्रा खायला लागली. मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, वर ऐकवलंही, "बघा, तुम्ही थोतांड म्हणत होता." त्यांनी ईशूच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि मान हलवली.

सूज

आठवडा झाला नसेल. सकाळी ईशू उठली ती तापानं फणफणलेली, आणि उजवा गाल सुजलेला. मी फोन केला तसे ईशूचे पप्पा शेतावरून मोटारसायकल दामटत आले. हात कोपरापर्यंत पिवळे. त्यांनी आल्या आल्या हळद उगाळली, गरम केली आणि जाड लेप गालावर थापला. हळदीत हयात गेलेल्या माणसाला कुठल्याही दुखण्यावर हळदच सुचणार. मीही म्हटलं, लावा, उतरेल.

दुपारपर्यंत डोळा मिटायला लागला. तोंड उघडेना. पाणीसुद्धा कोपऱ्यातून गळत होतं. आत्याबाई लेकावर ओरडल्या, "गजा, लेप-बिप ऱ्हाऊ दे, गाडी बघ!" एका ओळखीच्या जीपवाल्यानं वाटेत एकही प्रवासी न घेता आम्हाला सरळ हिंगोलीला आणून सोडलं. त्याचं नाव सांगत नाही, पण भलं होवो त्याचं.

दवाखान्यात डॉक्टरांना गाल किती लाल आहे तेच कळेना. सगळा पिवळा. सिस्टरनं ओल्या कापसानं हळू हळू हळद पुसली. खालचा गाल लालबुंद, चकचकीत, हात लावू देईना. ते बघून डॉक्टरांचा चेहराच बदलला. दाताच्या मॅडमना बोलावणं गेलं.

मॅडमनी तोंडात बघितलं, दात कोण घासतं ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "पू झालाय. सूज डोळ्याकडं सरकतीय. आणखी वर गेली तर डोळ्याला धोका, जिवालाही धोका. आत्ताच्या आत्ता भरती करा."

जिवाला. दातामुळं! लसी दिल्या, जंताच्या गोळ्या दिल्या, दृष्ट काढली, साप-विंचवाची भीती घातली, आणि लेकरू जायची वेळ आली ती एका दाढेपायी.

मॅडमना हिरडीवर भाजल्याचा पांढरा डाग दिसला होता. "हे काय आहे? कुणी धूर दिलाय का? कोणी नेलं होतं हिला?"

शेजारी नवरा उभा. दारात आमच्या भागातल्या दोन ओळखीच्या बाया. अंगणवाडीच्या ताईनं स्वतःच्या लेकराचे किडे काढले, ही बातमी आमच्याआधी गावात पोचली असती. मी खाली बघत राहिले.

आत्याबाई पुढं झाल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "म्या न्हेली व्हती, बाई. अडाणी बाई हाय मी. सुनेला इचारलं बी न्हाई."

मॅडम त्यांना फार बोलल्या. त्यांचं चुकलं नाही, लेकराची तकलीफ बघून कुणीही बोललं असतं. ईशूचे पप्पा तर सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, तुला काही अक्कल हाय का न्हाई?"

आत्याबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. आणि मी, मी गप. तोंड उघडलं नाही मी.

वॉर्ड

पाच दिवस आम्ही वॉर्डात होतो. सकाळी झाडू-पोछा, मग राउंड, मग सलाईन, मग इंजेक्शनचा ट्रे. ट्रेचा खडखड आवाज लांबून आला तरी ईशू पलंगाखाली जायला बघायची. सिस्टरनं यावर तोड काढली. आत्याबाईंनी रुमालाला गाठी मारून बाहुली केली होती, तिला आधी इंजेक्शन, मग ईशूला. सिस्टर बाहुलीला विचारायच्या, "रडणार का गं?" आणि बाहुलीच्या आवाजात ईशूच सांगायची, "न्हाई." मग तिला रडता यायचं नाही. पंचवीस पेशंट बघणारी बाई बाहुलीसाठी वेळ काढायची, ह्याचं मला फार नवल वाटायचं.

शेजारच्या पलंगावर शिरड शहापूरकडची एक आजी नातवाला घेऊन होती. तिच्या घरून डबा यायचा. तिनं न सांगता ईशूसाठी वेगळा पातळ वरण-भात मागवायला सुरुवात केली. मी नको नको म्हटलं तर म्हणाली, "तुह्यासाठी न्हाई आणत, लेकरासाठी आणून राहिले."

ईशूचे पप्पा दिवसभर तिच्या गालाखाली हात ठेवून बसायचे. त्यांच्या हाताला शिजलेल्या हळदीचा वास यायचा आणि त्या वासानं तिला झोप लागायची. चादर पिवळी झाली तशी सफाईवाली मावशी कडकडली, "आता ही चादर कोण धुणार?" दुसऱ्या दिवशी तीच घरून जुनी ओढणी घेऊन आली आणि गालाखाली घालून गेली. अशी माणसं होती सगळी.

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पू काढायचा आणि दोन दाढा काढायच्या ठरलं. आत एकानंच जायचं. मी दारापर्यंत गेले आणि मागं फिरले. ईशूच्या पप्पांना तर आधीच चक्कर येत होती, शंभर माणसाला न भिणारा माणूस! आत्याबाई म्हणाल्या, "तुमी दोघं बसा हितं. मी जाते."

आत काय झालं ते मला नंतर मॅडमनीच सांगितलं. ईशू तोंड उघडेना. सुजलेला जबडा, त्यात भीती. तेव्हा आत्याबाईंनी तिच्यासमोर स्वतःचं तोंड उघडलं. "ईशे, माह्याकडं बघ. मला किती दात हायेत? मोज बरं. आन् मी तुहे मोजते."

तुम्हाला आत्याबाईंचं तोंड माहीत नाही म्हणून सांगते. लग्न होऊन आल्यापासून त्या मिसरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, पत्र्याच्या डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा हिरडीवर घासायची. त्यापायी दात काळे आणि विरळ झालेले. त्या कधी कुणासमोर तोंड उघडून हसायच्या नाहीत. हसू आलं की पदर तोंडावर. घरातल्या लग्नाच्या फोटोत सगळे हसतात आणि आत्याबाई ओठ मिटून उभ्या आहेत.

त्या बाईनं परक्या डॉक्टरांपुढं, भगभगीत दिव्याखाली, आपलं काळं तोंड उघडलं. ईशूनं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मोजताना तिचंही तोंड उघडलं गेलं, आणि तेवढ्यात मॅडमनी आपलं काम केलं.

मॅडम म्हणाल्या, "अशी आजी मी बघितली नाही." मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मॅडमनी काय सांगितलं

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवलं. ताटलीतले ते किडे नसतात, म्हणाल्या, रिंगणीच्या बीतला कोंब असतो, आच लागली की बाहेर पडतो. मग दुखणं कसं थांबलं, मी विचारलं. "दाताची नस मेली म्हणून थांबलं. मेलेला दात ओरडत नाही. पू आत उतरत राहतो." लेकराचं दुखणं थांबलं की आपण सुटलो असं वाटतं. तिथंच घात होतो.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी दहा वर्षांच्या नोकरीत कधी ऐकली नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही. आली तरी दुधाचीच समजतात. ती मात्र आयुष्यभराची असते. "ती किडली तर दुसरी नाही. आणि हिच्या तोंडात ती ह्या किडक्या दाढांच्या शेजारी उगवणार आहे. आम्ही उरलेल्या दाढा भरू, टोप्या बसवू. पण घरी तोंड साफ राहिलं नाही तर तीही जाईल. तुमच्याकडं दोन वर्षं आहेत."

लेकराला स्वतः घासता येतं हा आपला गैरसमज आहे, असंही त्या म्हणाल्या. सात-आठ वर्षांचं होईस्तोवर मोठ्या माणसानं घासायचे, सकाळी आणि झोपायच्या आधी. पेस्ट हरभऱ्याएवढी. त्याहून लहान लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी. पहिला दात आला की सुरुवात. आणि बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच ध्यास होता. ती न दिसणारी दाढ.

पायावर

सांगणं सोपं. ईशू ब्रश बघितला की पळायची. दवाखान्यानं तिला तोंडाची धास्ती बसली होती. मी लाडीगोडी लावली, गाणी म्हटली, मोबाईल दाखवला. एकदा तर तिनं माझं बोट कडकडून चावलं आणि मी तिला थोबाडीत मारली. दुसऱ्यांच्या तीस लेकरांपुढं कधी आवाज न चढवणारी मी. मग दोघी रडत बसलो.

आत्याबाईंनी ब्रश माझ्या हातातून घेतला. गावातली निम्मी बाळं त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलेली आहेत. भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसल्या, ईशूला पायावर उताणं घेतलं, डोकं मांडीशी. डावा हात हनुवटीखाली. अगदी चार दिवसांच्या बाळाला तेल लावायला घेतात तसं. ईशूला काय आठवलं कुणास ठाऊक, अंग सैल सोडलं तिनं.

"ही दाढ गायीची, ही दाढ वासराची, ही दाढ गजाच्या ट्रॅक्टरची," असं म्हणत एकेक दात घासला. मागच्या मोकळ्या हिरडीवर बोट फिरवून म्हणाल्या, "आन् हितं पाव्हणी येणार हाय. तिची जागा झाडून ठिवू."

पुढं हेच रोज. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, आम्ही डोकं मांडीवर घ्या म्हणून शिकवतो ते हेच. घरातच मास्तरीण होती आणि मला पत्ता नव्हता.

महिन्याभरानं एका सकाळी ईशू अंगणात बसून दात घासत होती. फेस काळा. जवळ आत्याबाईंची डबी उघडी. "मी आजीसारखं घासून राहिले," ती म्हणाली आणि लगेच भडभडून ओकली.

आत्याबाईंनी तिची चूळ भरून घेतली, तोंड धुतलं, उचलून माझ्याकडं दिलं. मग डबी उचलली आणि चुलीत टाकली. पत्र्याची डबी, लग्नानंतर जत्रेतून आणलेली.

चाळीस वर्षांची सवय अशी सुटत नसते. पंधरा दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं. माझ्याशी भांडल्या, ईशूच्या पप्पांशी भांडल्या, शेळीशीसुद्धा भांडल्या. हात आपोआप कमरेच्या पिशवीकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. मी बघायची आणि मला गलबलून यायचं. एकदा म्हटलं, "आत्याबाई, थोडी थोडी कमी करा की, एकदम कशाला?"

"लेकराच्या तोंडात हात घालायचा आन् आपलं तोंड उकिरडा ठिवायचा, हे बराबर न्हाई," त्या म्हणाल्या. पुन्हा मिसरीला हात लावला नाही.

आम्हीही आमचं केलं. दुधातली साखर आठ दिवसांत एकेक चिमूट कमी करत बंद केली. ईशूला पत्ताही लागला नाही! चहा-बिस्किटाच्या जागी भाकरी नि शेंगदाण्याची चटणी आली. पाडव्याची साखरगाठी जेवणाबरोबर एकदाच, दिवसभर चघळत बसायची नाही. ईशूचे पप्पा दर रविवारी मोबाईलची बॅटरी लावून तिचा ओठ वर करून बघायचे, ट्रॅक्टरच्या इंजिनात बघतात तसे. हंगामात शेतावरून फोन यायचा. पहिला प्रश्न, "घासले का?" मग बाकीचं. आणि अंगणवाडीत मी आता प्रत्येक लेकराचा ओठ वर करून बघते. पांढरी रेघ दिसली की आईला तिथंच दाखवते. ती रेघ म्हणजे वेळ अजून गेलेली नाही.

पण आत्याबाईंवर चढलेला बोल तसाच राहिला. गावात कुणाच्या लेकराचा दात दुखला की बाया म्हणायच्या, "त्या सुनंदाच्या सासूसारखं करू नका बाई." त्या ऐकायच्या. मीही ऐकायची.

पाव्हणी

ईशूला सहा वर्षं पुरी होऊन दोन महिने झाले होते. जेवणं झाल्यावर आत्याबाई तिला पायावर घेऊन बसल्या होत्या. आता लांबलचक पोरगी, पाय पार उंबऱ्यापर्यंत जायचे. मागच्या हिरडीवर बोट फिरवता फिरवता आत्याबाई थांबल्या. नजर अधू आहे त्यांची, बोटं मात्र तरबेज.

"गजा, बॅटरी आण. हितं काहीतरी टोचून राहिलं."

तिघांची डोकी ईशूच्या तोंडावर. हिरडीतून पांढरंशुभ्र टोक वर आलेलं. ईशूचे पप्पा म्हणाले, "आली!" कुकरला पहिली वाफ धरल्यावर ओरडतात तसे.

पुरती वर आल्यावर आम्ही सगळे हिंगोलीला गेलो. मॅडमनी आरसा घालून बराच वेळ बघितलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "एक डाग नाही. वरची पण येतीय." मग हसून ईशूला विचारलं, "कोण घासतं गं दात तुझे?"

"आजी."

मॅडम आत्याबाईंकडं वळल्या. "आजी, त्या दिवशी मी तुम्हाला किड्यांवरून फार बोलले होते."

मला राहवलं नाही. "मॅडम, यांनी नेलं नव्हतं. मी नेलं होतं. या नको म्हणत होत्या. मी चोरून नेलं आणि यांनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं."

ईशूच्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "आई, मी तुला सगळ्यांसमोर..."

"आता काहून रडून राहिला?" आत्याबाई म्हणाल्या. "तवा हिला बोलला असता तर ही खचली असती. लेकराला आई धड पाहिजे व्हती. माहं काय जातंय? मी म्हातारी." आणि मला म्हणाल्या, "तूबी येडीच. दोन वर्ष काहून पोटात ठिवलं?"

मी तिथंच त्यांच्या पाया पडले. पुढच्या माता बैठकीत गावातल्या बायांनाही सांगितलं, किडे काढायला मी गेले होते, माझी सासू नाही.

मॅडमनी रिकामी खुर्ची आत्याबाईंपुढं सरकवली. "बसा आजी. आता तुमची पाळी. उरलेले पाच तरी सांभाळू." आत्याबाई मागं सरकल्या, पदर तोंडावर गेला. "नगं बाई, माह्या तोंडात काय बघता?"

ईशूनं त्यांचा पदर धरून खाली ओढला आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठा आ केला. "आजी, माझ्याकडं बघ. माझे मोज. तोवर मॅडम तुझे बघतील."

आत्याबाई बसल्या. तोंड उघडलं. एक हात लांब करून, बोटानं चाचपडत, ईशूचे दात मोजायला लागल्या. पुढचे, बाजूचे, टोप्या बसवलेले. मोजत मोजत अगदी मागं गेल्या आणि त्या नव्या दाढेवर बोट ठेवून थांबल्या. मॅडमचा आरसा तोंडात होता, तरी बोलल्या.

"ही माही."